बंपर उतरवा, मगच भाव विचारा

या वेळच्या पत्रांत बंपरची पत्रं इतकी निघाली की अख्खं सदर त्यालाच दिलं. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, वडिलांनी सुरू केलेलं. 1998 साली मी तिथे हिशेबाची वही लिहायला बसले. पुढे विम्याचे कागद आणि विम्यासाठी नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेयरशी बोलणं माझ्याकडे आलं, आणि वडील गेल्यावर सगळंच आलं. खाली दिलेले भाव आमच्याकडच्या साध्या हॅचबॅकचे आहेत. मोठ्या शहरात मजुरी जास्त पडते, आणि गाडी मोठी असेल तर आकडा कुठल्या कुठे जातो.

प्रश्न : सिग्नलला उभी असताना एका दुचाकीने माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याला धडक दिली. बंपर वीतभर फाटलाय आणि हेडलाइटच्या खाली फट दिसते. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बंपर बदलावाच लागेल म्हणाले, खर्च साडेदहा हजार. घराजवळचा गॅरेजवाला तीन हजारांत ‘नव्यासारखा’ करून देतो म्हणतो. एवढा फरक कसा? कुणाचं खरं मानू? – एक शिक्षिका, मिरज

ताई, दोघांपैकी कुणी खोटं बोलतंय असं मला वाटत नाही. पण दोघांनीही बंपर न उतरवता भाव सांगितला असणार, आणि माझी हरकत तिथेच आहे.

आधी साडेदहा हजारांची फोड करू. छोट्या हॅचबॅकच्या नुसत्या बंपरचा कंपनीचा भाव साधारण अडीच ते चार हजार. तो बिनरंगाचा, काळा येतो. त्याला रंग द्यायचे चार ते पाच हजार. काढघालीची मजुरी हजाराच्या आसपास. बाजूचा ब्रॅकेट आणि क्लिपा यांचे चार-पाचशे. त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे बंपर बदलायच्या बिलात बंपरपेक्षा रंगच महाग असतो. बंपर सांधला काय किंवा बदलला काय, रंगाचे पैसे दोन्हीकडे लागतातच. सांधण्यात वाचतात ते फक्त नव्या बंपरचे, आणि त्यातून सांधायची पाचशे ते हजार मजुरी वजा करायची. घराजवळचा तीन हजार म्हणतो ते मुख्यतः त्याचा रंग स्वस्त आहे म्हणून. तेव्हा त्याला रंगाबद्दलच विचारा. बंपर उतरवून रंगवणार की गाडीवरच कागद चिकटवून? प्लास्टिकचा प्रायमर मारणार का? वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, कुठला?

आता फाटलेल्या जागेविषयी. बहुतेक गाड्यांचे बंपर पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचे असतात, त्यात लवचिकपणासाठी रबर मिसळलेलं असतं. बंपर उलटा करून पाहिलात तर आतल्या बाजूला बारीक उठावाची अक्षरं दिसतील, पीपी आणि पुढे ईपीडीएम. हे प्लास्टिक स्वभावाने तेलकट. साधा गोंद किंवा फायबरची जाळी त्याला धरत नाही. दोन पावसाळ्यांत पापुद्रा सुटून येतो. ते वितळवूनच जोडावं लागतं.

आमचे मिस्त्री हे काम करतात तेव्हा मी आजही हातातली वही ठेवून बघत बसते. आधी फाटीच्या शेवटच्या टोकाला ते गव्हाच्या दाण्याएवढं भोक पाडतात, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. मग आतल्या बाजूने चिरेच्या दोन्ही कडा तिरक्या तासून मध्ये खाच करतात. एका हातात गरम हवेची गन आणि दुसऱ्या हातात त्याच जातीच्या प्लास्टिकची काडी. कडा आणि काडी एकाच वेळी मऊ होऊन चकाकायला लागल्या की काडी खाचेत दाबत न्यायची. घाई केली तर काडी नुसती वर बसते, आत मिसळत नाही. जास्त तापवलं तर प्लास्टिक पिवळं पडून धूर सोडतं आणि ती जागा कायमची ठिसूळ होते. आतून बारीक स्टीलची जाळी गरम करून बसवतात, मग बाहेरून घासणं, लवचिक पुट्टीचा पातळ हात, प्रायमर. एका वितीच्या फाटीला दीड-दोन तास जातात. एवढं करणारा माणूस असेल तर सांधलेला बंपर तुमची गाडी विकेपर्यंत टिकेल.

पण तुमच्या पत्रातली फाट मला फारशी सतावत नाही. हेडलाइटखालची फट मात्र सतावते. कोपऱ्यात बंपर एका प्लास्टिकच्या ब्रॅकेटमध्ये अडकतो आणि बंपरला अडकवायला स्वतःचे कान असतात. ब्रॅकेट मोडला असेल तर दोन-तीनशेचं काम आहे. बंपरचेच कान तुटले असतील तर मीही बदला म्हणेन. तो कान सांधला तरी गाडीच्या थरथरीने परत जातो, आणि मग महामार्गावर वाऱ्याने बंपर फडफडतो. हेडलाइटचा पाय तुटला असेल तर खर्चाचा हिशेबच बदलला.

म्हणून अर्धा तास मोडा, बंपर उतरवून घ्या आणि स्वतः शेजारी उभ्या राहा. हा नियम मी का धरला तेही सांगते. काही वर्षांपूर्वी एका टॅक्सीवाल्या दादांची गाडी आली होती, पुढच्या बंपरला मधोमध पोचा आणि ओरखडे. त्यांना दुसऱ्या दिवशी भाडं होतं. आम्ही बंपर न उतरवता बाहेरून काम करून दिलं. आत एसीच्या कंडेन्सरला ब्रॅकेटची कड टेकली होती, ती कुणी पाहिलीच नाही. दोन महिन्यांनी आंबा घाटात, गाडीत म्हातारी माणसं असताना, घासून घासून कंडेन्सरला भोक पडलं आणि गॅस गेला. चूक आमची होती. नवा कंडेन्सर आम्ही आमच्या पैशाने बसवून दिला. बंपर म्हणजे नुसती कातडी आहे, ताई. मार कुठवर गेला ते ती उचलल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : मागचा बंपर भिंतीला लागून फुटला. बिल साधारण साडेदहा हजार. विमा चालू आहे, नो क्लेम बोनस 35 टक्के आहे, झिरो डेप नाही. एजंट म्हणतो, ‘हप्ता भरता कशाला मग? क्लेम करा.’ करू का? – एक बँक कर्मचारी, सांगली

दादा, तुमच्या हातात आकडे खेळतात, म्हणून पूर्ण हिशेबच मांडते. बाकीच्यांसाठी दोन शब्द. नो क्लेम बोनस म्हणजे क्लेम न केल्याबद्दल पुढच्या हप्त्यात मिळणारी सूट, आणि झिरो डेप म्हणजे घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, न कापण्याची पॉलिसीतली जास्तीची सोय.

समजा बंपर 3,000, ब्रॅकेट-क्लिपा 500, रंग 4,500, मजुरी 1,000. झाले 9,000. जीएसटी 1,620. एकूण 10,620.

झिरो डेप नसेल तर प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या मालावर विमा कंपनी सरळ 50 टक्के घसारा कापते. गाडी सहा महिन्यांची असली तरी कापते. पत्र्याच्या भागांना पहिले सहा महिने घसारा नसतो, पण बंपरला ती सवलत नाही. म्हणजे 3,500 चे 1,750 गेले. रंगाच्या बिलात एक चतुर्थांश मालाचा खर्च धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, ते 562 रुपये 50 पैसे. दोन्हींवरचा जीएसटी धरला की सुमारे 2,729 तुमच्या खिशातून. त्यात सक्तीची कपात, जिला गॅरेजमध्ये सगळे फाइल चार्ज म्हणतात. 1500 सीसीपर्यंत 1,000 रुपये, त्यावर 2,000. तुमची छोटी गाडी धरली तर एकूण 3,729 तुमचे आणि कंपनी देणार साधारण 6,890.

आता बोनसकडे या. क्लेम केला नाहीत तर येत्या नूतनीकरणाला 45 टक्के आणि पुढे 50 टक्के सूट. क्लेम केलात तर येत्या वर्षी शून्य, मग 20, 25, 35, 45 असं चढत परत 50. दर वर्षीचा फरक काढा. 45, 30, 25, 15 आणि 5. बेरीज 120. ही सूट हप्त्याच्या ओन डॅमेज भागावर, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर असते, थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या हप्त्यावर नाही. तुमचा सूट न धरता ओन डॅमेज हप्ता 6,000 असेल, तर पाच वर्षांत 7,200 जातात आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरून जवळजवळ 8,500. गाडीची किंमत दरवर्षी उतरते तसा हप्ता थोडा कमी होतो, त्यामुळे हा आकडाही थोडा खाली येईल. तरीही 6,890 साठी ही देवघेव मी करणार नाही. तुम्हीही करू नका.

आमच्या गावच्या एका नव्या गाडीवाल्याला मात्र मी याच बिलाला क्लेम करायला लावला. त्याचं पहिलंच वर्ष होतं, बोनस शून्य आणि झिरो डेप घेतलेला. त्याचे फाइल चार्जचे हजार सोडून बाकी सगळं मिळालं. बोनसमध्ये त्याचं नुकसान बेरजेने 50 टक्के, म्हणजे त्याच 6,000 वर जीएसटी धरून साडेतीन हजार. बंपर तोच, बिल तेच, उत्तर उलटं. तेव्हा शेजाऱ्याने क्लेम केला म्हणून आपण करू नये आणि त्याने सोडला म्हणून आपणही सोडू नये. पॉलिसीचा कागद काढून वरच्या पद्धतीने पाच मिनिटं आकडेमोड करा. बऱ्याच झिरो डेप पॉलिसींत वर्षाला दोनच क्लेम धरतात, तेही बघा. आज भिंतीला लागलेला बंपर तुम्ही पदरचे पैसे घालून केलात, तर उद्या खरोखर मोठा मार बसेल तेव्हा क्लेम शिल्लक असतो.

आणि क्लेम करायचाच असेल तर आधी कंपनीला कळवा, फोटो काढा, सर्व्हेयरने पाहीपर्यंत गाडीला हात लावू देऊ नका. बंपर काढून जुना भंगारात गेल्यावर लोक माझ्याकडे येतात. तेव्हा मी काहीच करू शकत नाही, आणि फार वाईट वाटतं.

प्रश्न : बंपरला नुसता पोचा आहे. उकळतं पाणी ओतलं की बाहेर येतो असं सगळे म्हणतात. खरं का? – गारगोटी

खरं आहे, पण अटी आहेत. पोचा गोल, बशीसारखा हवा, कुठे चीर नको आणि मोडलेल्या कागदासारखी धारदार घडी नको. पाणी एकदम न ओतता केटलीने एकाच जागी धार धरा आणि आतून हाताने ढकला. हातात जाड मोजा हवा. बोटं भाजून घेतलेले लोक मी पाहिलेत. आतून हात पोचत नसेल तर खालच्या दोन-तीन क्लिपा काढाव्या लागतील. पोचा आला की लगेच गार पाणी टाका म्हणजे आकार बसतो. घडीवर रंगाला केसासारख्या रेषा उमटलेल्या असतील तर पोचा येईल, रंग मात्र सहा महिन्यांत सुटेल. पुन्हा रंगवलेल्या बंपरवर हा प्रयोग करूच नका, पुट्टी फुगते.

प्रश्न : दोन ठिकाणी भाव काढले. कंपनीचा बंपर 3,400, बाजारातला लोकल 1,300. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत कुर्ल्याला माझ्याच रंगाचा जुना बंपर मिळेल असंही मित्र म्हणतो. कुठला घेऊ? – इचलकरंजी

लोकल बंपरची अडचण भावात नाही, भोकांत आहे. क्लिपांची भोकं दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे असतात, मग फिटर स्क्रू मारून ओढून बसवतो. हेडलाइटच्या एका बाजूला बोट जाईल एवढी फट आणि दुसऱ्या बाजूला कड चढलेली. रंगाचे चार हजार घालायचेच आहेत, तर 2,100 वाचवायला हा धोका मी घेत नाही. घ्यायचाच असेल तर दुकानदाराला सांगा, ‘रंगाआधी गाडीवर लावून बघणार, नाही बसला तर परत.’ मान्य असेल तरच घ्या. रंगवलेला माल कुणी परत घेत नाही.

जुना मूळ बंपर मात्र चांगला पर्याय आहे, विशेषतः गाडी आठ-दहा वर्षांची असेल तर. सगळे कान शाबूत आहेत का ते बोटाने चाचपून बघा. उलटा करून आत वेल्डिंगच्या खुणा शोधा. पावती घ्या. ‘माझ्याच रंगाचा’ यावर विसंबू नका. तुमची गाडी उन्हात उभी राहिलेली, आणि तो बंपर ज्या गाडीचा ती कुठल्या तरी तळघरात. बंपर लावला की दोन वेगळ्या गाड्या जोडल्यासारखं दिसेल.

प्रश्न : बंपर नवा, रंग कंपनीच्या कोडप्रमाणे, तरी बॉनेटच्या शेजारी बंपर वेगळा दिसतो. गाडी चंदेरी आहे. गॅरेजवाला म्हणतो, ‘प्लास्टिक आहे, एवढं चालतं.’ – एक वाचक, कणकवली

थोडा फरक चालतो, हे त्याचं म्हणणं अगदी चूक नाही. नव्या गाड्यांचेसुद्धा बंपर आणि पत्रा उन्हात तिरके उभे राहून बघितले तर कधीकधी वेगळे दिसतात. पण चंदेरी रंगात जो फरक लांबून कळतो तो बहुतेक वेळा फवाऱ्याच्या हाताचा असतो. त्या रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. रंग ओला जड मारला तर कण खाली बसतात आणि रंग काळपट दिसतो, कोरडा मारला तर कण वर राहून पांढरट दिसतो. कोड तोच, डबा तोच, हात वेगळा. शिवाय कोड हा गाडी नवी होती तेव्हाचा. कोकणातल्या उन्हात बॉनेट किती उतरलंय ते कोडला माहीत नसतं.

पुढच्या वेळी रंगाआधी पत्र्याच्या एका तुकड्यावर नमुना मारून मागा, क्लिअर कोटसकट. तो तुकडा बॉनेटला लावून बाहेर उजेडात बघा, गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली नको. चांगला रंगारी याला कधीच नाही म्हणत नाही. आत्तापुरतं, पैसे पूर्ण दिले नसतील तर परत मारून मागायचा तुम्हाला अधिकार आहे. दिले असतील तरी दुपारच्या उन्हात फोटो काढून शांतपणे दाखवा.

प्रश्न : आमच्या वेळच्या गाड्यांना लोखंडी बंपर होते. धडक बसली तरी ओरखडा नाही. आता टोचलं तरी पाच हजार. मुलाच्या नव्या गाडीला पुढे स्टीलचा गार्ड बसवून द्यावा म्हणतो. त्यात चालकाला मदत करणारं रडार वगैरे आहे. – एक निवृत्त अधिकारी, सातारा

काका, त्या बंपरांवर माझं लहानपण गेलं. ॲम्बेसेडरचा बंपर वडील ऐरणीवर ठेवून लाकडी हातोड्याने सरळ करायचे आणि मग निकेलला पाठवायचे. परत आला की आम्ही भावंडं त्यात तोंड बघायचो. पण तो बंपर ओरखडा घेत नव्हता म्हणजे मार तसाच मागे चॅसीला आणि आत बसलेल्यांना द्यायचा. हल्लीच्या बंपरच्या कातडीमागे फोमचा ठोकळा आणि त्यामागे आडवी पट्टी असते. ती चुरगळण्यासाठीच केलेली असते. समोर पायी चालणारा माणूस आला तर त्याचे पाय वाचावेत म्हणूनही पुढचा भाग मऊ ठेवतात.

गार्ड कृपा करून बसवू नका. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड बेकायदा असल्याचं आणि कारवाई करायचं कळवलं. दंडापेक्षा मला एअरबॅगची काळजी आहे. धडकेचे सेन्सर गाडीच्या पुढच्या भागात असतात, आणि गार्डमुळे मार वेगळ्या वाटेने चॅसीत गेला तर एअरबॅग वेळेवर उघडेलच असं नाही.

आणि रडारचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. पुढचं रडार बहुतेक जाळीत, लोगोमागे किंवा बंपरच्या खालच्या भागात असतं. काही गाड्यांत मागच्या बंपरच्या कोपऱ्यांतही रडार असतं, बाजूने येणारी गाडी ओळखायला. गार्ड त्याच्या आड येतो. असा बंपर कधी फुटला तर रडारच्या समोरच्या जागेवर पुट्टी आणि रंगाचे थर चढवून चालत नाही, त्याला पलीकडचं नीट दिसत नाही. तिथे मी सांधायला सांगत नाही, बदलायलाच सांगते. बंपर उतरवून चढवला की रडारची दिशा तपासून जुळवावी लागते आणि त्याचे पैसे वेगळे लागतात. मुलाला सांगा, असं काम निघालं तर अंदाजपत्रकात ही ओळ लिहून घे आणि काम झाल्यावर जुळवणीचा छापील कागद माग. आमच्या गॅरेजमध्ये ते यंत्र नाही, म्हणून अशा गाड्या आम्ही रंग करून कंपनीच्या वर्कशॉपला पाठवतो आणि गिऱ्हाइकाला तसं आधीच सांगतो.

ओरखड्यांचीच काळजी असेल तर कोपऱ्यांना चिकटवायच्या रबरी पट्ट्या मिळतात, दोन-तीनशे रुपयांत. मागच्या बाजूला लावताना पार्किंग सेन्सरची गोल बटणं तेवढी झाकू नका.